श्रावणबाळ आणि राजाचा बाण
(नाचणगाव येथे कार्यकर्ते व सहानुभूतीदार यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी व हिंदी चित्रपटांत गेल्या चाळीस वर्षांत म्हातारी माणसे पुष्कळ आली. १९८३ साली ‘अवतार’ आला, १९९८ साली ‘तू तिथे मी’, २००३ साली ‘बागबान’ आणि २०१६ च्या आरंभी ‘नटसम्राट’. टॉकीजात ज्यांना हे चित्रपट पाहता आले नाहीत त्यांनी ते घरच्या टीव्हीवर पाहिले. ते पाहून बाया रडल्या, पुरुषांनीही डोळे पुसले. या रडण्याचा उपहास करण्याचे काही कारण नाही. ज्या घरात म्हातारे माणूस आहे आणि पैसा नाही, त्या घराला असे चित्र आपले वाटणारच. तथापि चळवळीच्या कार्यकर्त्याने डोळे पुसून झाल्यावर एक प्रश्न विचारला पाहिजे. हे अश्रू कोणाला गुन्हेगार ठरवतात, आणि कोणाला निर्दोष सोडून देतात?

‘बागबान’चे कथानक सर्वांना ठाऊक आहे. बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ आणि त्याची पत्नी यांना चार मुलगे आपसांत वाटून घेतात. आई एकाकडे, बाप दुसऱ्याकडे. ‘तू तिथे मी’मध्येही संसार उरकलेल्या पती-पत्नींना मुलांच्या सोयीसाठी एकमेकांपासून दूर राहावे लागते. ‘नटसम्राट’ हे वि. वा. शिरवाडकरांचे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले. त्यातला गणपतराव बेलवलकर आपली मिळकत मुलगा व मुलगी यांना देऊन टाकतो आणि दोन्ही घरांतून अपमानित होऊन बाहेर पडतो. नाटक म्हणून त्याची उंची निराळीच आहे. त्याचा वारसा शेक्सपिअरच्या लिअर राजापर्यंत जातो. परंतु पडद्यावरून प्रेक्षकाच्या मनात जे उरते ते या सर्व कथांत एकच असते: मुले कृतघ्न निघाली, सुना वाईट निघाल्या, संस्कार कमी पडले.

म्हणजे म्हातारपण हा घरातल्या घरात चालणारा खटला आहे. फिर्यादी बाप, आरोपी मुलगा, साक्षीदार शेजारी आणि न्यायाधीश प्रेक्षक. या कोर्टात सरकारला समन्स जात नाही, गिरणीमालकाला जात नाही, कापसाचा भाव ठरवणाऱ्यालाही जात नाही.

निवृत्त कोण होतो?

या कथांचा प्रारंभ बहुधा निवृत्तीने होतो. हार, सत्कार, फंडाची रक्कम आणि मग घसरण. परंतु निवृत्त होण्यासाठी आधी नोकरी असावी लागते. नाचणगाव आणि शेजारच्या पुलगावात निवृत्त होणारी माणसे आहेत: दारूगोळा भांडारातले कामगार आहेत, रेल्वेतले आहेत, शिक्षक आहेत. पण कोणत्याही सकाळी गावाबाहेर उभे राहून वावराकडे निघालेल्या बायांच्या रांगेकडे पाहावे. निंदणाला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या त्या रांगेत साठी ओलांडलेल्या किती बाया असतात? त्यांना निवृत्तीची तारीख कोणी दिली आहे? हात चालेनासे होतात तो दिवस त्यांच्या निवृत्तीचा, आणि त्या दिवशी हार नसतो.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती. त्याच जनगणनेनुसार ग्रामीण भागातले साठीपुढचे शेकडा ६६ पुरुष आणि शेकडा २८ स्त्रिया काम करीत होत्या. स्त्रियांचा हा आकडाही अपुराच मानला पाहिजे, कारण चूल, पाणी, गुरे आणि नातवंडे यांचे काम गणतीत धरले जात नाही. तात्पर्य, खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचे खरे चित्र आरामखुर्चीत बसून मुलाची वाट पाहणाऱ्या बापाचे नाही. ते हातात खुरपे धरलेल्या, वाकलेल्या माणसाचे आहे. आणि हेच चित्र पडद्यावर नाही.

या कथांतले आणखी एक साम्य पाहण्यासारखे आहे. घरच्यांनी टाकलेल्या म्हाताऱ्याला शेवटी आसरा देतो कोण? ‘नटसम्राट’मध्ये रस्त्यावर बूटपॉलिश करणारा राजा. ‘बागबान’मध्ये ज्याच्या शिक्षणाचा खर्च नायकाने केला तो अनाथ मुलगा. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा या साऱ्यांहून पुष्कळ प्रामाणिक चित्रपट. त्यात स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक एका हत्तीच्या मागे चालत निघतात, आणि त्यांना लेकरासारखे सांभाळते ती त्या हत्तीवर पोट भरणाऱ्या कुटुंबातली बाई. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गरिबाजवळ माया असते हे या कथांतून खरेच सांगितले जाते. परंतु तो बूटपॉलिशवाला साठ वर्षांचा झाल्यावर त्याचे काय होते? हत्तीवालीचे अंग थकल्यावर तिला कोण सांभाळतो? गरीब माणूस या कथांत दुसऱ्याच्या म्हातारपणाची काठी होऊन येतो. त्याच्या स्वतःच्या म्हातारपणावर कथा होत नाही.

तिसरी गोष्ट स्त्रीची. ‘नटसम्राट’मध्ये कावेरी आधी जाते आणि बेलवलकर मागे उरतो. रंगभूमीच्या दृष्टीने ते योग्यच असेल, परंतु जगात बहुधा उलटे घडते. स्त्रिया सरासरीने अधिक जगतात आणि त्यांचे नवरे वयाने मोठे असतात. म्हणून शेवटची एकटी वर्षे बहुतांशी बाईच्याच वाट्याला येतात, आणि तीही अशा बाईच्या की जिच्या नावावर सातबारा नसतो, बँकेत ठेव नसते आणि जिने आयुष्यभर केलेल्या कामाची कुठेही नोंद नसते. सिनेमात शोकांतिका मात्र पुरुषाची होते, कारण गमावण्यासारखी मिळकत त्याच्याजवळ असते.

सुनेला खलनायिका करणे हाही याच दृष्टीचा भाग होय. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे सर्व काही करायचे ते घरातल्या बाईने. ती दिवसा मजुरीला जाते, संध्याकाळी चूल पेटवते आणि रात्री सासऱ्याचे अंथरूण बदलते. तिच्या तोंडून एक कडू शब्द निघाला की पडद्यावर ती राक्षसीण ठरते. ‘अस्तु’चे मोठेपण हे की त्यातली मुलगी बापावर प्रेमही करते आणि थकूनही जाते, आणि तिच्या थकण्याची लाज दिग्दर्शक तिला वाटू देत नाहीत.

कायद्यानेही तीच कथा लिहिली

हे सारे चित्रपटापुरतेच असते तर त्यावर कार्यकर्त्यांचा वेळ घेण्याचे कारण नव्हते. परंतु सरकारही हीच कथा सांगते.

२००७ साली संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा केला. मुलांनी आईबापांना पोसले पाहिजे. न पोसल्यास न्यायाधिकरण दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरवून देऊ शकते. आणि जो म्हाताऱ्याला टाकून देईल त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या मुलांजवळ आहे आणि जे देत नाहीत त्यांच्यासाठी असा कायदा हवाच. पण त्याच कायद्याचे १९ वे कलम वाचावे. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक आणि किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे वृद्धाश्रम राज्य सरकार काढू ‘शकेल’, असे तिथे म्हटले आहे. मुलाने करावे, न केल्यास तुरुंग. सरकारने जमल्यास करावे. कर्तव्य मुलाचे आणि मर्जी सरकारची, अशी ही वाटणी आहे. ज्याची स्वतःची मजुरी दरमहा १०,००० रुपये होत नाही त्या मुलाविरुद्ध असा हुकूम मिळवून आईच्या पदरात काय पडणार? तिथे कायदा गरिबाला गरिबाविरुद्ध उभा करतो आणि आपण बाजूला होतो.

आता सरकार स्वतः काय देते ते पाहू. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन १९९५ साली दरमहा ७५ रुपयांनी सुरू झाले. २००६ मध्ये केंद्राने आपला वाटा २०० रुपये केला. २०११ मध्ये पात्रतेचे वय ६५ वरून ६० वर आले आणि ऐंशीपुढच्यांसाठी ५०० रुपये ठरले. पण ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी केंद्राचा आकडा त्यानंतरही वर्षानुवर्षे २०० वरच थांबून राहिला. म्हणजे दिवसाला पावणेसात रुपयेसुद्धा नाहीत. या काळात तेल, डाळ, औषध आणि एस.टी.चे तिकीट कुठून कुठे गेले हे घरातल्या कोणत्याही बाईला विचारावे.

महाराष्ट्राने आपल्या योजनेत ही रक्कम वाढवीत नेली. ती आधी ६०० होती, २०१९ मध्ये १,००० झाली आणि २०२३ मध्ये १,५००. ही वाढ आपोआप झालेली नाही. त्यामागे मोर्चे आहेत, निवेदने आहेत, विधानसभेतली भांडणे आहेत. परंतु पात्रतेची अट पाहा: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. भागाकार केला तर दिवसाला ५८ रुपयेही येत नाहीत. ज्या घरातला एक माणूस रोज मजुरीला जातो ते घर या रेषेच्या वर जाते. अर्थात नियमाप्रमाणे गरीब ठरण्यासाठी एक तर कागदावर खोटे उत्पन्न लिहून घ्यावे लागते, नाही तर खरोखरच कोणी नसावे लागते. खोट्या दाखल्याचा दोष म्हातारीला देण्याआधी हा नियम करणाऱ्याला प्रश्न विचारला पाहिजे.

आणि या योजनेचे नाव काय? ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना’. नागरिकाचा जो हक्क आहे त्याला मुलाच्या सेवेचे नाव दिले आहे. राज्य म्हणते, आम्ही तुमचे श्रावणबाळ. ऐकायला हे गोड वाटते. पण मुलाची सेवा ही माया असते, आणि मायेची मागणी करता येत नाही, तिच्या थकबाकीचा हिशेब मागता येत नाही. निवृत्तिवेतन ही माया नव्हे. ज्या हातांनी चाळीस-पन्नास वर्षे या देशाचा कापूस वेचला, विटा भाजल्या, पोती वाहिली, त्या हातांची ती उरलेली मजुरी आहे.

ज्यांनी पाहिले त्यांची गोष्ट

सर्वच चित्रपटांनी डोळे मिटून घेतले असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८४ साली आलेल्या ‘सारांश’मधला प्रधान हा मुंबईतला निवृत्त मुख्याध्यापक. त्याचा मुलगा न्यूयॉर्कमध्ये मारला गेला आहे आणि त्याच्या अस्थी मिळवण्यासाठी त्याला कस्टमच्या कचेरीत झगडावे लागते. तिथे म्हातारा माणूस घराच्या कोर्टातून बाहेर पडून राज्यासमोर उभा राहतो. तो नुसता बाप राहत नाही, नागरिक होतो.

२००८ च्या ‘टिंग्या’मध्ये प्रश्न विचारतो एक पोर. बैल निकामी झाला म्हणून घरचे त्याला खाटकाला विकायला निघतात, आणि त्याच वेळी शेजारच्या रशिदाच्या आजारी आजीला वाचवण्यासाठी सर्वांची धडपड चाललेली असते. आजीला औषध आणि बैलाला सुरी, असे का? पोराच्या या प्रश्नात अर्थशास्त्राचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे: ज्याची उत्पादनशक्ती संपली त्याचे मोल काय? बाजाराजवळ या प्रश्नाचे एकच उत्तर आहे. माणसाच्या बाबतीत ते उत्तर आपण नाकारतो, म्हणून समाज उभा असतो. पण शेतकऱ्याच्या घरात पैसाच नसला तर ते उत्तर नाकारण्याची ताकदही संपते, हे तो चित्रपट कोणाही माणसाला खलनायक न करता दाखवतो.

‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ चा, आणि तो तर विदर्भातलाच. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केली म्हणून एका घरातली बायको, लहान मुलगा आणि म्हातारी आई मिळून घरच्या कर्त्या माणसावर पाळत ठेवतात. तो कुठे जातो, किती वेळ गप्प बसतो, यावर सर्वांचे लक्ष. ज्योती सुभाष यांची ती म्हातारी पाहावी. इथे मुलाने आईला टाकलेले नाही. इथे आईला भीती आहे ती मुलगा आपल्याआधी जाईल याची. ‘बागबान’मधल्या दुःखाहून हे दुःख निराळ्या जातीचे आहे, आणि वर्धा, यवतमाळ, अमरावतीच्या खेड्यांना ते अधिक ओळखीचे आहे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ सालासाठी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे ६५ वर्षांचा आहे. एका सफाई कामगाराला तुझ्या गाण्याने आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप त्याच्यावर ठेवतात. ही भूमिका करणारे विरा साथीदार नागपूरचे, आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते. २०२१ साली कोविडने ते गेले. ‘कोर्ट’ हा म्हातारपणावरचा चित्रपट आहे असे कोणी म्हणत नाही, आणि गंमत नेमकी तिथेच आहे. कांबळेला करण्यासारखे काम आहे, म्हणायला गाणे आहे, भांडायला शत्रू आहे; म्हणून तो म्हातारा आहे हे प्रेक्षक विसरतो. म्हाताऱ्या माणसाला दया नको असते, त्याला समाजात जागा हवी असते.

परदेशातले एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरियो दे सिका यांचा ‘उंबेर्तो डी.’ १९५२ साली आला. तो सुरू होतो पेन्शनरांच्या मोर्चाने. रोमच्या रस्त्यावर म्हातारी माणसे पेन्शनवाढ मागत चालली आहेत आणि पोलीस त्यांना पांगवत आहेत. त्या गर्दीतला एक निवृत्त सरकारी नोकर आपल्या कुत्र्यासह घरी येतो, आणि भाडे थकल्यामुळे ते घरही जाण्याच्या बेतात असते, अशी ती कथा. चित्रपट व्यवसायाचा कारभार पाहणारे तिथल्या सरकारातले जूलियो आंद्रेओत्ती यांनी या चित्रपटावर जाहीर टीका केली. सरकारला तो झोंबला, कारण त्यात बोट सरकारकडे होते. ‘बागबान’ पाहून कोणत्या मंत्र्याला असा राग आल्याचे ऐकिवात नाही. उलट, त्यातल्या बापाचे भाषण कोणताही मंत्री कोणत्याही समारंभात आनंदाने म्हणून दाखवील.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की मुले खरोखरच आईबापांना छळतात, मग चित्रपटांनी ते दाखवू नये काय? अवश्य दाखवावे. जमिनीच्या तुकड्यासाठी म्हाताऱ्या बापाचा अंगठा घेणारे मुलगे गावोगावी आहेत, आणि दारिद्र्य हे क्रौर्याचे समर्थन होऊ शकत नाही. समाजवादी विचार माणसाची नैतिक जबाबदारी नाकारीत नाही. परंतु एका घरात मुलगा वाईट निघाला तर तो त्या मुलाचा दोष, आणि गावातल्या शंभर घरांत म्हाताऱ्याच्या औषधाला पैसा नसला तर तो मुलांचा दोष नव्हे, एवढा विवेक राखलाच पाहिजे. ज्या म्हातारीच्या हातात दर महिन्याला स्वतःचे पैसे असतात तिला घरात मान थोडा अधिक मिळतो, हा साधा अनुभव आहे. पेन्शन घर मोडीत नाही, घरातले नाते हलके करते. माया पैशाने येत नाही हे खरे. पण पैशाच्या ओढाताणीने ती आटते हेही तितकेच खरे.

दुसरा आक्षेप: कला म्हणजे जाहीरनामा नव्हे. हेही मान्य. दिग्दर्शकाने पडद्यावर मागणीपत्रक वाचावे असे कोणीच म्हणत नाही. ‘टिंग्या’त किंवा ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये एकही घोषणा नाही. मागणे एवढेच आहे की म्हातारपण दाखवताना ते कोणाचे, कशावर जगणारे, कोणत्या घामातून आलेले, हे दिसावे.

मागायचे काय?

म्हातारपणाची सोय समाजाने करायची ही कल्पना परकी नाही आणि हवेतलीही नाही. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा केला. ज्याचा एक मालक नाही, आज या दुकानाची तर उद्या त्या दुकानाची पोती जो उचलतो, अशा हमालासाठी मजुरीवर लेव्ही बसवून भविष्यनिर्वाह निधी उभा करता येतो, हे त्या कायद्याने दाखवून दिले. बाबा आढाव व अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पेन्शन परिषदेने २०१२ साली दिल्लीत धरणे धरून मागणी केली की असंघटित श्रमिकाला म्हातारपणी निदान किमान वेतनाच्या निम्मे, आणि दरमहा २,००० रुपयांहून कमी नाही, एवढे निवृत्तिवेतन हक्काने मिळावे. संघटित क्षेत्रातही सगळे आलबेल नाही. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ खाली किमान पेन्शन २०१४ साली १,००० रुपये ठरली. गिरणीत उमेद घातलेल्या कामगाराला ती दिवसाला ३३ रुपये पडते. ती ७,५०० रुपये करावी म्हणून त्या योजनेतले पेन्शनर मोर्चे काढीत आले आहेत. ‘उंबेर्तो डी.’चा पहिला प्रसंग आपल्याकडे रोज घडतो आहे, फक्त तिथे कॅमेरा नाही.

नाचणगावसारख्या गावात कार्यकर्त्यांनी करण्याजोगी कामे सरळ आहेत. ग्रामसभेत निवृत्तिवेतनाच्या लाभार्थ्यांची यादी मोठ्याने वाचली जावी असा आग्रह धरावा; नाव का नाही हे म्हातारीने विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. उत्पन्नाची २१,००० रुपयांची मर्यादा बदलावी, केंद्राने आपला २०० रुपयांचा वाटा महागाईशी जोडावा, असे ठराव घ्यावेत. आणि गावात एखाद्या संध्याकाळी ‘टिंग्या’ किंवा ‘गाभ्रीचा पाऊस’ दाखवून नंतर तासभर बोलावे. त्या चर्चेत पहिले बोलणे गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या मजूर बाईचे असावे.

शेवटी श्रावणबाळाच्या कथेकडे पुन्हा पाहिले पाहिजे. ती अर्धीच सांगण्याची सवय आपल्याला लागली आहे. आंधळ्या आईबापांची कावड खांद्यावर घेऊन चाललेला मुलगा, एवढेच चित्र घरोघरी आहे. पण त्या आईबापांना निराधार केले कोणी? मुलाने नव्हे. तो तर त्यांच्यासाठी पाणी आणायला गेला होता. त्यांना निराधार केले राजाच्या बाणाने. दशरथाचा हेतू वाईट नव्हता. त्याने अंधारात नुसत्या आवाजावर नेम धरला. कथेतल्या आंधळ्या आईबापांना मात्र दोष कोणाचा हे नीट दिसले, आणि त्यांनी शाप दिला तो राजाला.

२००६ साली पंतप्रधानांनी कर्ज आणि आत्महत्यांनी पोळलेल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा जिल्हा होता. ज्या घरांतले मुलगे गेले त्या घरांत म्हातारे आईबाप मागे उरले आहेत. त्यांचे मुलगे कृतघ्न नव्हते. पाणी आणायला गेलेल्यांपैकीच ते होते. चित्रपटांनी श्रावणबाळ शोधत राहावे. चळवळीने बाणाचा हिशेब मागावा.